चार एरियल

मस्कत, घला, गल्ली सतरा. शटर अर्धं वर,
सकाळचे आठ, आणि पत्र्याला हात लावून दाखवा म्हणावं.
मुसल्लम अल-जनैबी कोरी लँडक्रूझर लावून उतरला.
हैमाच्या पलीकडे सर्व्हेवाल्यांना वाट दाखवतो तो.
म्हणाला, चार एरियल. सगळी टपावर, एका ओळीत,
लांबून दिसली पाहिजेत.

पौलोसेट्टन हसले. मी टेप काढली.

मुसल्लम, म्हटलं, खेटून उभी केली तर
एक बोलायला लागलं की दुसरं बहिरं होतं.
कधी कधी आतून भाजतं, आणि वरून कळतही नाही.
माझ्या मोडक्या अरबीत एवढंच जमलं.
त्यानं विचारलं, भाऊ आहेत का ते एकमेकांचे?
हो, म्हटलं. तसंच धर.

व्हीएचएफला टपाचा मध्य.
पायाखाली चहूबाजूंना सारखा पत्रा लागतो त्याला,
नाहीतर आवाज एकीकडेच सांडतो.
ड्रिल लावलं तेव्हा मुसल्लमनं तोंड फिरवलं,
लेकराला इंजेक्शन देताना बाप फिरवतो तसं.
भोकाच्या कडेचा रंग खरवडत गेलो
उघडा पत्रा लागेपर्यंत.
रंगावर बसवलेलं एरियल दिसतं छान. कामाचं नसतं.

एचएफचा उंच दांडा मागच्या बंपरला, डावीकडे,
तांब्याची चपटी वेणी घालून चासीशी बांधला.
सॅटेलाइट फोनला टपाचा पुढचा उजवा कोपरा,
त्याला आकाश लागतं, बाकी काही मागत नाही.
जीपीएस पुढे, काचेखाली.
जन्मात कधी बोलत नाही तो, नुसता ऐकतो,
म्हणून गोंगाटापासून त्याला जपायचं.
बॅटरीच्या वायरी डाव्या दारानं, एरियलच्या केबली उजव्या.
गाठ पडलीच कुठे तर काटकोनात ओलांडायचं,
बरोबर चालायचं नाही.

इंजिन चालू केलं तर रेडिओत बारीक शिट्टी,
ॲक्सिलरेटरबरोबर वर चढणारी.
अल्टरनेटर, पौलोसेट्टन म्हणाले,
आणि वायरीत फेराइटचे मणी ओवायला बसले.
पाचव्या मण्याला ती विरली.

तेवढ्यात मला इचलकरंजीची शेड आठवून गेली होती.
आई चार माग सांभाळायची, एकटी, तीस वर्षं.
धोट्याच्या खडखडाटात कुणी आवाज वाया घालवत नसे,
तिथं सगळं ओठांवर चालायचं:
सूत तुटलं, कांडी संपली, शेवंताच्या पोरीचं जमलं.
माग पुढे भंगारात गेले.
तिचे कान त्याच्या आधीच.

दुपारी मुसल्लम निघाला. सात वाजता
वर्कशॉपच्या सेटवर खरखर, मग त्याचा आवाज,
पाचशे किलोमीटरवरचा, मागं वारा.
काय झालं? काही नाही.
दुसऱ्या सेटवर पोरगं बोलतंय, तरी तुझं ऐकू येतंय.
तेवढंच बघितलं.

रात्री खोलीत आठ जण. दोन बेडमध्ये अडीच फूट.
नऊ वाजले की आठही फोन एकदम सुरू:
सिल्हेट, मुझफ्फरपूर, कोल्लम,
कुणाच्या घरी गाय व्यायली, कुणाचा हप्ता थकला,
आणि ज्याला त्याला दुसऱ्याच्या वर आवाज चढवावा लागतो.
इथं कुठं ड्रिल लावणार.

मी भिंतीकडे तोंड करतो, फोन नाकासमोर धरतो
आणि आईशी बोलतो. नुसत्या ओठांनी.
पगार झाला. जेवलो. डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे?
तीही आवाज काढत नाही, सवयीनं;
पदर सारखा करते, ओठ हलवते,
मध्येच हसते दात नसलेलं.

वरच्या बेडवरून इलियास वाकून बघतो.
बराच वेळ बघतो.
आवाज येत नाहीये का रे, म्हणतो,
राउटर बंद करून लावू?